तळाचा साबण

१

साबणाच्या कारखान्याइतकी मळकट जागा शोधून सापडायची नाही, असं ताईचे बाबा नेहमी म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. जगाला स्वच्छ करणारा माल जिथे शिजतो तिथल्या भिंतींवर तेलाच्या वाफेचा चिकट थर बसतो, त्या थरावर भट्टीची काजळी बसते, आणि असं वर्षानुवर्षं चाललं की भिंतीचा मूळ रंग कोणता होता ते सांगायला घरातलं म्हातारं माणूस लागतं. ताईच्या कारखान्यात तर म्हाताऱ्या माणसांनाही ते ठाऊक नव्हतं. काकू म्हणत निळा, बाबा म्हणत पिवळा.

धंदा आजोबांनी उभा केला, तो एका पत्र्याच्या शेडमध्ये आणि एका लोखंडी कढईवर. कढई म्हणजे स्वयंपाकघरातली नव्हे. विहिरीसारखी गोल आणि खोल, चढायला बाजूला शिडी, वर उभं राहून ढवळायला फळ्यांचा माळा. तेल आणि कॉस्टिक सोडा तिच्यात रटरटत शिजायचं, मग मिठाचं पाणी ओतलं की साबण वर तरंगायचा आणि खारं पाणी खाली बसायचं. पुढे बाबा आणि काका या दोघा भावांनी धुण्याचा सोडा, फिनेल, ब्लिचिंग पावडर अशी पिल्लावळ धंद्याला जोडली; पण घराचं पोट चाललं ते कढईवरच.

त्या कढईची एक रीत होती. ती कधी पुरती रिकामी करायची नाही. वरचा चांगला साबण काढून घ्यायचा आणि तळाशी जो काळपट, मऊ साबण उरतो तो तसाच ठेवून त्यावर पुढचा घाणा घालायचा. घरात त्याला विरजण म्हणत. आजोबांच्या पहिल्या घाण्याचा अंश आजही कढईत आहे, असं बाबा पाहुण्यांना कौतुकानं सांगत. ताई रसायनशास्त्र शिकलेली. तळाचा साबण पुन्हा शिजवला की वाया जात नाही, एवढाच त्या रीतीचा अर्थ तिला माहीत होता, आणि तो पुरेसा होता.

काकांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. एका दुपारी उकळता घाणा उतू गेला, काका माळ्यावरून घसरले, बाबांनी त्यांना हाताला धरून वर ओढलं. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. बाबांच्या उजव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत व्रण राहिला, दोरखंडासारखा पिळलेला. काकू पोरबाळ नसलेल्या, त्या याच घरात राहिल्या. बाबा थकले तशी कारखान्याची जबाबदारी ताईकडे आली. तिनं लग्न केलं नाही. ‘हिचं कढईशीच लागलंय, आणि सासू म्हणून मी आहेच,’ अशी काकूंची थट्टा.

रोज सकाळी चहाआधी ताई भट्टीच्या खोलीत एक फेरी मारायची. वाफेचे कॉक बंद आहेत ना, साच्यांतला साबण नीट थिजला आहे ना, एवढं बघायचं आणि यायचं. त्या फेरीत नवं असं कधी काही नसायचं.

२

ताईच्या धाकट्या भावाचं म्हणणं होतं की आता साबण शिजवणं परवडत नाही. साबणाचे तयार दाणे पोत्यांनी मिळतात. यंत्रात घालायचे, वास-रंग मिसळायचा, वड्या पाडायच्या, संपलं. ताईनं हिशेब तपासला, कुरकुर केली, आणि शेवटी मान डोलावली. नवं यंत्र ठेवायला जागा हवी होती, म्हणून कढई मोडीत काढायचं ठरलं. बाबांना हे कसं सांगावं या विचारात दोघा भावंडांनी चहा थंड केला. पण बाबा नुसतं म्हणाले, ‘‘काढा. लोखंडच आहे.’’ मग बराच वेळ ते आपल्या हातावरच्या व्रणावरून बोट फिरवत बसले होते.

कढईवर पहिल्यापासून मिस्त्री होते, बाबांच्याच वयाचे. त्यांनी वरचा साबण काढला, मग फावड्यानं तळाचा उपसायला घेतला. काळा, तुळतुळीत, अजून कोमट. आठवडाभर भट्टी पेटलेली नव्हती. एवढ्या मोठ्या लोखंडात ऊब धरून राहते, असं ताईनं स्वतःला सांगितलं. उपसलेला साबण पिंपांत भरून शेडच्या कोपऱ्यात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या फेरीत तिला भिंतीवर हात दिसला.

कढईच्या बाजूच्या भिंतीवर, खांद्याच्या उंचीला, पाच बोटांचा पंजा. डाग नव्हता तो. उलट होतं. सगळी भिंत काळी आणि तेवढा पंजा स्वच्छ. काजळी गेलेली, तेलाचा थर गेलेला, खाली भिंतीचा मूळ रंग. निळाही नव्हे आणि पिवळाही नव्हे. फिकट हिरवा, नुकता दिल्यासारखा.

ताईला पहिल्यांदा हसूच आलं. तेलकट भिंतीला कॉस्टिकचा हात लागला तर तेलाचा तिथल्या तिथे साबण होणार आणि पुसला जाणार. शाळेतल्या पोरालाही कळेल. तिनं मिस्त्रींना हाक मारून विचारलं, हातमोजे न घालता काम केलं का म्हणून. मिस्त्री पुढे झाले आणि त्यांनी आपला हात त्या पंजावर ठेवला. भिंतीवरचा पंजा त्यांच्या हाताखाली पुरता झाकला गेला. तो अरुंद होता, आणि त्याची बोटं लांब आणि सारखी होती.

ताईनं मग आपला हात ठेवून बघितला नाही. ठेवायला हरकत काहीच नव्हती. पण चहाला उशीर होत होता.

३

हात वाढत गेले. आधी कढईभोवती, मग दाराकडे, माणूस अंधारात भिंत चाचपत जातो तसे. दाराच्या कडीवर गंजाचा मागमूस राहिला नाही. मग एका सकाळी खिडक्या लख्ख झाल्या. भट्टीच्या खोलीला खिडक्या आहेत हे ताई जवळजवळ विसरली होती. आता त्यांतून ऊन आत आलं, फिकट हिरव्या भिंतींवर पडलं, आणि ती सगळी खोली तळ्याच्या पाण्याखाली असल्यासारखी झुळझुळायला लागली. कामगार कामाच्या मधेच थांबून वर बघत राहत. कोणीतरी फुकटात झाडूपोछा लावलाय, त्याला कायम करून टाका, असा विनोद झाला. धाकटा भाऊही खूश होता. त्याला वाटलं, ताईनंच माणसं लावून घेतलं.

ताईनं कोणालाच लावलं नव्हतं. तिनं मिस्त्रींना विचारलं, पहारेकऱ्याला विचारलं, खोलीला नवं कुलूप घातलं. सकाळी कुलूप बंद असायचं आणि चकचकीत.

तरी तिला भीती वाटत नव्हती, हे तिचं तिलाच नवल वाटायचं. त्या खोलीत उभं राहिलं की आंघोळीनंतर येते तशी गुंगी यायची. वास असायचा ताज्या साबणाचा, सुगंध घालण्याआधीचा, जरा तेलकट, जरा गोडसर. आणि कान दिला तर एक आवाज. दोन ओले तळहात एकमेकांवर फिरतात तसा. चुळुक, चुळुक. पाइपात पाणी राहिलं असेल, असं म्हणून ती पाइप तपासायची. पाइप कोरडे असायचे.

मग हात अंगण ओलांडून घरात आले. जिन्याचा कठडा, दिव्याची बटणं, स्वयंपाकघरातली भांड्यांची फळी. काकूंना वाटलं, ताईला साफसफाईचं खूळ लागलंय. ताईला वाटलं, काकूंनी केलं. दोघींनी एकमेकींना शाबासकी दिली आणि मग कळलं, दोघींपैकी कोणीच केलं नव्हतं.

४

त्या दिवशी सकाळी बाबा बाह्या दुमडून चहाला बसले होते. गेली कित्येक वर्षं बाबांनी चारचौघांत सदऱ्याची बाही वर केली नव्हती, म्हणून ताईचं लक्ष गेलं.

व्रण नव्हता.

उजवा हात कोपरापासून मनगटापर्यंत नितळ होता. तरुण नव्हे, म्हाताऱ्याचाच, सैल कातडीचा. पण त्या कातडीला कधी काही झालंच नव्हतं. ताईनं बशी खाली ठेवली आणि त्यांचा हात हातात घेतला. दाबून बघितला, उजेडाकडे वळवला. भाजल्याचे व्रण वयाबरोबर फिकट होतात, असं कुठेतरी वाचलेलं ती आठवायला लागली. पण काल संध्याकाळी औषध लावताना तिनं तो व्रण पाहिला होता.

‘‘बाबा, हाताला काय केलंत?’’

‘‘काय झालंय हाताला?’’ ते हसून म्हणाले. इतकं मोकळं हसू तिनं त्यांच्या चेहऱ्यावर लहानपणानंतर पाहिलं नव्हतं.

‘‘भाजलेलं. काकांच्या वेळचं.’’

बाबांनी डोळे बारीक केले. नवख्या गावातला पत्ता विचारल्यावर माणूस करतो तसे. मग त्यांनी अगदी सौजन्यानं विचारलं, ‘‘कोणत्या काकांच्या?’’

दारात काकू उभ्या होत्या. त्यांच्या हातात चहाची किटली होती. ती त्यांनी सावकाश टेबलावर ठेवली, नीट, झाकण सरळ करून, आणि त्या बैठकीच्या खोलीत गेल्या. ताई मागून गेली. तिथल्या भिंतीवर आजोबांच्या शेजारी काकांचा फोटो होता. चौकट तशीच होती, काच लखलखत होती. आत गुळगुळीत पांढरा कागद होता.

५

डॉक्टर येऊन गेले. वय झालं की असं होतं, एखादा कप्पा बंद पडतो, म्हणाले. व्रणाबद्दल त्यांना ताईनं विचारलंच नाही, काय विचारणार? बाबांचं बाकी सगळं शाबूत होतं. त्यांना ताई कळत होती, धाकटा कळत होता, काकूही कळत होत्या. पण या बाई आपल्या घरात का राहतात हे त्यांना कळत नव्हतं आणि विचारणं त्यांना बरं दिसत नव्हतं. भूक वाढली होती. झोप गाढ लागत होती. काका गेल्यापासून ते झोपेत ओरडत उठत, ते बंद झालं होतं.

दुपारी काकूंनी ताईला आपल्या खोलीत बोलावलं. कपाट उघडं होतं. वरच्या कप्प्यात एका कापडात गुंडाळलेला सदरा त्यांनी बाहेर काढला. काकांचा होता. घाणा उतू गेला त्या दिवशी कामाला जाताना त्यांनी बदलून खुंटीला अडकवलेला. साबणाच्या कारखानदाराच्या घरात राहून काकूंनी तो सदरा इतकी वर्षं धुतला नव्हता.

‘‘वास घे,’’ त्या म्हणाल्या.

ताईनं सदरा नाकाशी नेला. ताजा साबण. सदरा पांढराशुभ्र होता, गळपट्टीवरचा घामाचा पट्टा गेलेला, घड्या इस्त्रीच्या.

काकू रडल्या नाहीत. त्या पलंगाच्या कडेला बसून म्हणाल्या की तुझ्या बाबांना सुख झालं, ते मला दिसतंय. त्यांनी काय काय सोसलंय तेही मी पाहिलंय. त्यांचं मी वाईट चिंतणार नाही. पण ह्यांची म्हणून या घरात एवढीच एक गोष्ट उरली होती.

मग त्यांनी ताईचं मनगट धरलं.

‘‘ह्यांना पुसू देऊ नकोस गं. जे काय आहे ते थांबव.’’

काय थांबवायचं ते दोघींपैकी कोणीच बोललं नाही. पण कढईत फावडं घातलं त्या दिवसापासून हे सुरू झालं, एवढं ताईला कळत होतं. कळत होतं, आणि शिकलेलं डोकं ते मानत नव्हतं. कारखान्यात दाणे, यंत्र, पोती हे सगळं येणार होतं. एका काळ्या साबणाच्या भीतीनं ते थांबवलं तर धाकटा आपल्याला वेड्यात काढेल. आणि खरं सांगायचं तर आणखी एक गोष्ट होती. सकाळी टेबलावर हसणारे बाबा तिला हवे होते.

ती दोन्हीकडे ओढली गेली आणि तिनं त्या दिवशी काहीच केलं नाही.

६

दुसऱ्या दिवशी, ऊन उतरायच्या सुमाराला, ताई कारखान्यातून घरी आली तेव्हा न्हाणीघरातून वाफ येत होती. दार लोटलेलं होतं, पुरतं लागलेलं नव्हतं. आत बाबा गुणगुणत होते. शब्द नसलेलं, नुसतं हं हं. या वयात भलत्या वेळी आंघोळ कशाला, घसरले तर, असं मनाशी म्हणत तिनं दार हलकेच ढकललं.

बाबा लाकडी स्टुलावर बसले होते, पाठ दाराकडे. डोकं पुढे झुकवलेलं, मान सैल, आई न्हाऊ घालत असताना पोर बसतं तसे. त्यांच्या पाठीवरून दोन हात फिरत होते. कोपरापर्यंत पांढऱ्या फेसानं भरलेले, अरुंद, लांब बोटांचे. कोपराच्या वर वाफ होती. वाफेच्या वर भिंत दिसत होती.

चुळुक, चुळुक.

ताईला किंचाळता आलं नाही. आणि पुढे कधी ती हे आठवायची तेव्हा तिला वाटायचं की किंचाळावंसं वाटलंच नव्हतं. तिला दार लावून घेऊन तिथेच भिंतीला टेकून बसावंसं वाटत होतं. गुंगी तिच्या पायांतून वर चढत होती. एक हात बाबांच्या कानामागे गेला, तिथे कोणीतरी फार जपून घासत होतं. बाबांचं गुणगुणणं बारीक होत चाललं होतं. एकेक सूर कमी होत होता.

‘‘पुरे,’’ ताई म्हणाली.

हात थांबले. एका बोटानं बाबांच्या पापणीवरचा फेस हळूच निपटला, डोळ्यांत जाऊ नये म्हणून. मग वाफ दाराकडे आली, ओली आणि कोमट, ताईच्या चेहऱ्यावरून गेली, आणि ती बघू लागली तेव्हा स्टुलावर बाबा होते आणि दुसरं काही नव्हतं. बाबांना पंच्यात गुंडाळून तिनं काकूंच्या हवाली केलं आणि ती धावत अंगण ओलांडून गेली.

मिस्त्रींना तिनं कारण सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. तिच्या चेहऱ्याकडे बघून ते उठले आणि त्यांनी पिंपाला हात घातला. तळाचा साबण दोघांनी मिळून परत कढईत लोटला, पिंपं खरवडून, जमिनीवर सांडलेलंसुद्धा उचलून. वरून तेल ओतलं, कॉस्टिक सोडलं, भट्टी पेटवली. पहिली उकळी फुटली तेव्हा काळा साबण वर आला, एकदा फिरला, आणि नव्या तेलाखाली गेला.

धाकटा फार चिडला. यंत्र मग त्यानं फिनेलच्या शेडमध्ये बसवलं आणि बरेच दिवस ताईशी कामापुरतंच बोलला. भट्टीच्या खोलीत महिना-दोन महिन्यांत पुन्हा काजळी धरली. पंजे एकेक करून बुजले. ताई सकाळच्या फेरीत भिंत बघायची आणि ती काळी दिसली की बरं वाटून चहाला जायची.

७

गेलं ते मात्र परत आलं नाही. बाबांचा हात नितळच राहिला. फोटोच्या चौकटीत पांढरा कागद राहिला. काकूंनी ती चौकट काही उतरवू दिली नाही.

त्यांनी आपला एक नेम धरला. रोज दुपारी चहाच्या वेळी त्या बाबांसमोर बसत आणि त्यांना त्यांच्या भावाची गोष्ट सांगत. एक होता माणूस, अशी सुरुवात करत. तो पैजेवर दहा वड्यांची चवड डोक्यावर घेऊन जिना कसा चढला, गिऱ्हाइकाला पटवायला साबणाचा तुकडा खाऊन कसा दाखवला, लग्नात बूट उलटे घालून कसा उभा राहिला. बाबा रंगून ऐकत. माणूस मजेशीर होता हो, म्हणत. कधी पुढचं विचारत, कधी हसून डोळे पुसत. आपला कोणी होता हे त्यांना पटलं नाही. पण त्याच्या गोष्टीची वाट मात्र ते पाहायला लागले. ताई हातातलं काम टाकून ऐकायला यायची. काकूंचा आवाज सांगता सांगता भरून यायचा, त्या थांबायच्या, पाणी प्यायच्या आणि पुढे सांगायच्या. हे असं वर्षभर चाललं.

मग एका दुपारी काकू उशिरा आल्या. अंगणाच्या बाजूनं आल्या. बाह्या दुमडलेल्या होत्या. खुर्चीत बसून त्यांनी हात मांडीवर ठेवले आणि ताईला दिसलं की त्यांच्या बोटांची टोकं सुरकुतली आहेत, फार वेळ पाण्यात राहिल्यासारखी. चेहरा मात्र उलट झाला होता. ओठांच्या दोन्ही बाजूंच्या खोल रेघा, ताईला कळायला लागल्यापासून तिथे असलेल्या, जवळजवळ दिसत नव्हत्या.

‘‘काकू, तू कढईकडे गेली होतीस?’’

‘‘ऊब असते तिथे,’’ काकू म्हणाल्या. ‘‘किती वर्षं सांभाळायचं गं एकटीनं? हात दुखून येतात.’’

आवाजात तक्रार नव्हती. त्यांनी बाबांकडे बघून गोष्ट सुरू केली. एक होता माणूस, उंच, गोरटेला, केस असे वळवलेले… आणि त्यांचा हात कपाळापाशी जाऊन थांबला. आधी एका बाजूला गेला, मग दुसऱ्या. चेहऱ्यावर दुःख नव्हतं. जरा कुतूहल होतं, एवढंच.

‘‘भांग कुठे पाडायचे गं ते?’’ त्यांनी ताईला विचारलं.

ताईनं डोळ्यांसमोर काका आणायचा प्रयत्न केला. सदरा आला. बुटांचा आवाज आला. चेहऱ्याच्या जागी एक उजेड होता, पांढरा, आणि तो हळूहळू पसरत होता. काकू वाट बघत होत्या. बाबाही बघत होते, कप ओठांपाशी धरून.

‘‘डावीकडे,’’ ताई म्हणाली.

‘‘हां, डावीकडे,’’ काकू समाधानानं म्हणाल्या आणि पुढे सांगू लागल्या.